सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालांतील हिंदुधर्मलक्षण

महजर आणि निवाडपत्रें यांवर ज्यांचें संशोधन पोसलें आहे, त्या आमच्या वाचकांस निकालपत्र हें इतिहासाचें साधन आहे हें सांगावयास नको. पेशवेकालीन निवाडपत्र हातीं आलें म्हणजे आपण त्यांतील शब्दन् शब्द तपासतों. सभेस कोण बसले होते, शास्त्राधार कोणता दिला, अमुक शब्दाचा त्या काळीं काय अर्थ होता, हें विचारतों. आपल्याच काळांतील न्यायाधीशांचीं निकालपत्रें मात्र वकिलांच्या कपाटांत राहतात, आणि त्यांतील संस्कृत शब्दांची विचारपूस कोणी करीत नाहीं. ती करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सर्वोच्च न्यायालयाचें उद्घाटन २८ जानेवारी १९५० रोजीं झालें. आरंभीं सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांची तरतूद होती. २०१९ मध्यें ती संख्या ३४ झाली. इतक्या वर्षांत त्या पीठावर जे बसले, त्यांत शास्त्रग्रंथांत रस घेणारे थोडे नव्हते. न्या. बिजनकुमार मुखर्जी हे हिंदु धर्मादाय संस्थांच्या कायद्याचे मान्यवर ग्रंथकार होते. न्या. वेंकटराम अय्यर हे तर कर्नाटक संगीताचेहि अधिकारी जाणकार होते. आणि न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या, संस्कृत पांडित्याची परंपरा असलेल्या घराण्यांतले. दत्तकमीमांसेची चिकित्सक आवृत्ति त्यांनीं सिद्ध केली होती. ते १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेले व १९६४ ते १९६६ पर्यंत सरन्यायाधीश होते. येथें ज्या निकालपत्राचें परीक्षण करावयाचें तें त्यांच्याच लेखणींतून, निवृत्तीपूर्वीं अवघे दोन महिने, १४ जानेवारी १९६६ रोजीं उतरलेलें आहे.

खटला शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूळदास या नांवानें प्रसिद्ध आहे. अस्पृश्य मानलेल्यांस मंदिरें खुलीं करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९४७ सालीं झाला. पुढल्याच वर्षीं अहमदाबादच्या स्वामिनारायण संप्रदायाच्या कांहीं अनुयायांनीं दावा लावला, कीं आमचा संप्रदाय हिंदु धर्माहून निराळा आहे, म्हणून हा कायदा आमच्या मंदिरांस लागू नाहीं. खालच्या कोर्टांत त्यांस यश आलें, हायकोर्टांत १९५८ सालीं तें गेलें, आणि अठरा वर्षांनीं प्रकरण अखेरीस लागलें. सत्संगी हे हिंदुच आहेत व मंदिराचें द्वार सर्वांस खुलें आहे, असा निर्णय झाला. हा निर्णय न्याय्य होता याविषयीं प्रस्तुत लेखकाच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. शंका आहे ती निर्णयाच्या आधारशिळेविषयीं.

हिंदु कोण, हें ठरविण्यासाठीं निकालपत्रांत मोनियर विल्यम्स, मॅक्समुल्लर, राधाकृष्णन् यांचा परामर्श घेतला आहे, आणि शेवटीं लोकमान्य टिळकांच्या सुप्रसिद्ध अनुष्टुभ् श्लोकांतील लक्षण स्वीकारलें आहे. या लक्षणाचीं अंगें तीन: वेदांविषयीं प्रामाण्यबुद्धि, साधनांची अनेकता, आणि उपास्यांचा अनियम. निकालपत्रांतील इंग्रजी रूपाचा आशय मात्र असा कीं, वेदांचा आदरपूर्वक स्वीकार, मोक्षाचे मार्ग विविध आहेत ही जाणीव, आणि पूजावयाच्या देवांची संख्या मोठी आहे या सत्याची प्रतीति.

मधलें अंग बिनचूक उतरलें आहे. पहिल्यांत थोडा ढिलेपणा आहे. आदर हा प्रामाण्याहून पातळ पदार्थ आहे, व वेद प्रमाण न मानणाराहि त्यांचा आदर करूं शकतो. पण तिसऱ्या अंगाचें जें झालें आहे तें एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत केलें असतें, तर मीं त्याचे गुण निश्चित कापले असते. अनियम म्हणजे बहुत्व नव्हे. मीमांसकांचा नियम आठवावा. भाताचा तूस नखांनीं काढतां येतो, तसा कांडूनहि काढतां येतो. दोन्ही उपाय प्राप्त असतां ‘कांडूनच काढावा’ असें जें बंधन, तो नियम. हें बंधन नसणें हा अनियम. उपास्यांचा अनियम म्हणजे अमुकच उपास्य असलें पाहिजे असें बंधन नाहीं. कोणी पुष्कळ देव भजावे, कोणी एकच भजावा, कोणी निर्गुणाची उपासना करावी. संख्येविषयीं श्लोककर्ता मौन आहे, आणि तें मौन हेंच त्या लक्षणाचें बळ आहे.

कोणी म्हणेल, छंदाच्या अडचणीमुळें टिळकांनीं हा शब्द घातला असेल. वस्तुस्थिति उलट आहे. साधनांच्या बाबतींत त्यांनीं ‘अनेकता’ हा शब्द योजलाच आहे. उपास्यांविषयींहि तेंच म्हणावयाचें असतें तर त्या ठिकाणीं ‘अनेकत्वम्’ हें पद आठ अक्षरांत सहज बसतें, इतकेंच नव्हे तर श्लोकाची नेहमींची पथ्या गति त्यानें साधते. ‘अनियम’ घेतल्यानें पांचवें, सहावें व सातवें हीं तिन्ही अक्षरें लघु होऊन चरण नविपुला झाला आहे. सोपा शब्द समोर असतां कवि वळणाची वाट धरतो, तेव्हां त्याला तोच अर्थ हवा होता असें मानणें प्राप्त आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. लक्षण म्हटलें म्हणजे त्यास अव्याप्ति व अतिव्याप्ति या दोषांची कसोटी लागतेच. देवांची संख्या मोठी आहे ही प्रतीति हिंदुत्वाचें लक्षण मानली, तर आर्यसमाजी बाहेर पडतात. आमच्या मुंबईचा प्रार्थनासमाज, जो १८६७ सालीं एकेश्वरी उपासनेसाठींच स्थापन झाला, तोहि बाहेर पडतो. आणि त्याच्याबरोबर मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेले न्या. महादेव गोविंद रानडे व न्या. नारायण गणेश चंदावरकर हेहि. ‘अनियम’ ठेवला तर हे सर्व बिनतक्रार आंत राहतात. एका महाराष्ट्रीय न्यायमूर्तींनीं दुसऱ्या महाराष्ट्रीय पंडिताचें लक्षण उद्धृत करावें आणि भाषांतराच्या फटींतून रानड्यांनीं निसटावें, हा योग विलक्षण आहे. न्यायमूर्तींनीं त्यास कामापुरतें सूत्र म्हटलें आहे, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. पण न्यायालयांत कामापुरतें कांहीं राहत नाहीं. तें पुढें आधार होऊन बसतें.

तसें तें झालेंहि. २ जुलै १९९५ रोजीं रामकृष्ण मिशनच्या प्रकरणांत, त्या संस्थेचे अनुयायी स्वतंत्र धर्माचे नाहींत हें ठरवितांना, न्यायालयानें १९६६ च्या निकालांतून हिंदु धर्माचीं वैशिष्ट्यें निवडून त्यांची मालिका दिली. तेथें देवांची संख्या ‘मोठी आहे’ याऐवजीं ‘मोठी असूं शकेल’ असा पालट दिसतो, आणि मूर्तिपूजा न मानणारेहि हिंदु आहेत अशी पुस्ती जोडलेली आहे. ठिगळ कोठें पाहिजे हें जाणवलें, पण लागलें तें शेजारीं. प्रश्न मूर्तीचा नसून संख्येचा होता.

शिवाय, इतक्या व्यापक लक्षणाची गरज होती काय? संप्रदायाची शिक्षापत्री १८२६ सालची, संस्कृत श्लोकांत, सर्वांस उपलब्ध. तिच्यांत मान्य म्हणून जीं आठ शास्त्रें सांगितलीं आहेत त्यांत पहिलें नांव वेदांचें; पुढें वेदान्तसूत्रें, भागवत, गीता व याज्ञवल्क्यस्मृतीहि आहे. विष्णु, शिव, गणपति, पार्वती व सूर्य या पांच देवतांस पूज्य मानावें असा आदेश आहे, आणि मत विशिष्टाद्वैत म्हणून स्पष्ट सांगितलें आहे. वादींचें ‘आम्ही निराळे’ हें म्हणणें त्यांच्याच ग्रंथानें खोडलें जात होतें. पंथाचें अंतरंग त्याच्याच सिद्धांतांवरून ठरवावें, हा दंडक न्या. मुखर्जी यांनीं १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालांत घालून दिलेला होता. तो येथें धरला असता तर टिळकांच्या श्लोकाला साक्षीस बोलवावेंच लागलें नसतें.

दुसरें उदाहरण १९५७ सालचें, वेंकटरमण देवरू यांच्या खटल्याचें. मंदिर मुळकीचें, गौड सारस्वतांचें. न्या. वेंकटराम अय्यर यांनीं आगमांचा विचार करून, मंदिरांत कोणीं यावें हा विषय धर्माचाच आहे असें प्रांजळपणें मान्य केलें. आणि मग म्हटलें कीं, सर्व हिंदूंस मंदिरें खुलीं करण्याचा राज्याचा अधिकार घटनेनें दिला आहे व तो पंथाच्या अधिकारावर मात करतो. शास्त्र जसें आहे तसें वाचलें, आणि निर्णय घटनेवर दिला. प्रस्तुत लेखकास ही पद्धति अधिक सरळ वाटते. १९६६ च्या निकालांत वादींचा दावा अज्ञान व अंधश्रद्धा यांतून, हिंदु धर्माच्या खऱ्या शिकवणीविषयींच्या गैरसमजांतून उत्पन्न झाला, असा अभिप्राय आहे. खरी शिकवण कोणती हें न्यायासनावरून सांगावयाचें ठरलें म्हणजे मग एकेका संस्कृत पदाच्या भाषांतरावर मोठा भार पडतो.

सर्वोच्च न्यायालयानें अलीकडे आपलीं निकालपत्रें मराठींतहि भाषांतरित करून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आहे. या निकालपत्राचें मराठी रूप करणारानें इंग्रजीवरून ‘देवांची संख्या मोठी’ असें उलटें भाषांतर करूं नये. त्या ठिकाणीं मूळ श्लोक पाहून ‘उपास्यांचा अनियम’ हेच शब्द घालावे, आणि इंग्रजी पाठाशीं असलेला भेद टीपेंत दाखवावा.