ग्रामसभेला कोण येऊ शकत नाही?

मंडळी, ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम आपल्या महाराष्ट्रात असा आहे: मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. नसली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे बघा, आले किती हे कायदा एकदा मोजतो. कोणाला येताच आलं नाही, हे इतिवृत्तात कुठेच येत नाही. आमचा आक्षेप इथे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत थोडा विचार झाला. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव झाल्या. पण आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद. खुर्ची मिळाली म्हणजे तोंड उघडता येतं असं नाही, हे ती करणाऱ्यांना कळलं होतं. (ती सभा पुष्कळदा सह्यांपुरती होते, ते वेगळं.)

अपंगांच्या बाबतीत मात्र आपण वाटपावर थांबलो. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी त्यांच्यासाठी खर्च करायचा. त्यातून सार्वजनिक सोयीही करता येतात. पण मार्च जवळ आला की पुष्कळ गावी तो माणशी वाटून टाकतात. फोटोसाठी त्याच माणसाला चार पायऱ्या उचलून वर आणतात, आणि तो ‘लाभार्थी’ म्हणून खाली जातो. आता त्याला दिव्यांग म्हणायचं. पायऱ्या आहेत तशाच आहेत.

१९७९ साली अमर्त्य सेन यांनी ‘इक्वॅलिटी ऑफ व्हॉट?’ या व्याख्यानात अपंग माणसाचंच उदाहरण घेतलं होतं. दोघांच्या हातात सारखे पैसे दिले तरी दोघांना सारखं हिंडता-फिरता येत नाही. तेव्हा हातात काय पडलं ते नको, काय करता येतं ते बघा.

कायदा तरी कुठे कमी आहे? २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून ५ वर्षं दिली. नियम २०१७ चे, मुदत २०२२ ला सरली. वर सुगमतेचे निकष सक्तीचे आहेत की नुसत्या सूचना, यातच घोळ. २०२४ च्या नोव्हेंबरात राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच कायद्याबाहेरचा ठरवला.

‘आमच्या गावात अशी माणसं आहेतच किती?’ असं लगेच विचारतात. अहो, ती देवळाच्या पायऱ्या चढून सभेला येतच नाहीत, मग दिसणार कशी? शिवाय गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आहेत, दिवस गेलेल्या बाया आहेत. येत्या मार्चला वाटपाआधी सभेच्या जागेला एक उतार बांधा. आणि दवंडीबरोबर ज्याला ऐकू येत नाही त्याच्या घरी नोटीस लिहून पोचवा.