दोन तासांचा देश

प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं मी कादंबऱ्यांच्या आवडीनं वाचतो. फरक एवढाच, की कादंबरीतला नायक शेवटी मेला तरी चालतो. इथं त्याची बस चुकून चालत नाही.

या वाङ्मयाची परीक्षा पाहायची असेल तर त्यातलं लिश्टनस्टाइनचं प्रकरण उघडावं. प्रकरण कसलं, दीड पान! स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या बेचक्यातला हा देश. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. बृहन्मुंबईत असे तीन देश सहज बसतील, आणि लोकलच्या बाकावर सरकून घेतात तसं सरकलं तर चौथाही टेकेल.

माहितीच्या बाबतीत पुस्तकाला नाव ठेवायला जागा नाही. देशाला विमानतळ नाही; स्वित्झर्लंडमधल्या बुख्स किंवा झारगान्स स्टेशनवर उतरून बस धरावी. नाणं स्विस फ्रँक. २०११ पासून शेंगेनचा व्हिसा चालतो. राजधानी लिहिताना वाडूझ, म्हणताना फादुत्स. इथवर सगळं ठीक. आणि मग ते वाक्य येतं: ‘दोन तास पुरेत.’ डोंगरावरच्या किल्ल्याचा खालून फोटो घ्या (आत राजेसाहेब राहतात, तेव्हा प्रवेश नाही), थोडे फ्रँक मोजून पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घ्या, आणि सुटा! आपल्याकडच्या काही युरोप सहलींतही वाडूझ हा असाच पाय मोकळे करण्याचा थांबा असतो.

माझा आक्षेप आहे तो या दोन तासांना. पुस्तक देश मोजतं ते नकाशावर पट्टी ठेवून. आणि नकाशा पडला सपाट. हा देश आडवा पसरलेलाच नाही, तो उभा आहे! खाली ऱ्हाइनकाठी उंची ४३० मीटर, वर ग्राउश्पिट्स शिखरावर २५९९. वाडूझहून बस त्रीझेनबेर्गवरून माल्बुनला चढते. त्रीझेनबेर्गला सातशे वर्षांपूर्वी आलेल्या वाल्झर लोकांचे वंशज अजून आपली वेगळी बोली बोलतात. देशातल्या अकराही गावांतून जाणारी पंचाहत्तर किलोमीटरची पायवाट २०१९ मध्ये आखली गेली. ती दोन तासांत उरकायची तर माणसाला चाकंच लावायला हवीत.

इतिहासाचीही तीच गत. या देशानं १८६८ मध्ये लष्कर मोडीत काढलं, हे पुस्तक कौतुकानं सांगतं. तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९८४ मध्ये, हे सांगायला मात्र त्याला जागा पुरत नाही. घड्याळ हातात धरून लिहिलं की माणसं गळतात आणि वेळापत्रक उरतं.

गंमत म्हणजे ही घाई नवी नाही. लिश्टनस्टाइन घराण्यानं दोन जहागिऱ्या विकत घेतल्या, १७१९ मध्ये त्यांचं हे संस्थान झालं, ते साम्राज्याच्या सभेत आसन मिळावं म्हणून. राजेसाहेब स्वतः तिकडे फिरकले नाहीत. गादीवरचा राजा पहिल्यांदा तिथं गेला तो १८४२ मध्ये! म्हणजे मूळ मालकांनाही देश नको होता, शिक्काच हवा होता. पुढे १९३८ मध्ये मात्र घराणं तिथं राहायला आलं आणि अजून हललेलं नाही. नीट राहून पाहणाऱ्याचं मत कसं बदलतं, त्याचा याहून थोर दाखला कुठल्या मार्गदर्शकाला हवा?

तेव्हा पुढच्या आवृत्तीसाठी माझ्या दोनच सूचना. एक : बस सोडून वाडूझजवळचा १९०१ सालचा छपराचा लाकडी पूल पायी ओलांडावा. पुलाच्या मध्यावर सरहद्द आहे आणि अडवायला कुणी नाही. दोन : ‘दोन तास’ खोडून ‘दोन दिवस’ छापावं. प्रकाशकाला त्यात फारशी शाई लागणार नाही. खर्च वाढेल तो वाचकाचा, आणि तोही स्विस फ्रँकमध्ये. तेव्हा किल्ल्याचा फोटो फुकट आहे, हे वाक्य तेवढं ठेवावं.