पांढरा म्हणजे कुठला पांढरा?

मंडळी, मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघा तरुण श्रोत्यांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, टॅब्लेटवर फोटो समोर ठेवून प्रकाशाचा, रंगाचा सराव करतो, ती कला की नक्कल? आम्हाला नकलेचं वावडं नाही. मुंबईच्या जे. जे. मध्येसुद्धा पिढ्यान् पिढ्या प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हात बसवला गेला. नक्कल कशाची करतो, हे मात्र पाहायला हवं.

घरचंच उदाहरण घेतो. आमच्या नातवाने सिद्धेश्वराच्या यात्रेतला मोबाइलवर काढलेला एक फोटो रंगवायला घेतला. संक्रांतीची संध्याकाळ, नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वरून रस्त्याचे पिवळे दिवे. या अ‍ॅपांमध्ये रंग उचलायचं एक ड्रॉपर असतं. ते त्याने फोटोतल्या बाराबंदीवर टेकवलं, तर हाती आला मातकट पिवळा. "आजोबा, ही बाराबंदी पांढरी नाहीच!" मग त्याने सगळेच रंग ड्रॉपरने उचलले. चित्र थेट फोटोसारखं झालं आणि त्यातला उजेड गेला. मुलगा मेहनती आहे. पुढे अ‍ॅनिमेशनमध्ये पोट भरायचं म्हणतो. म्हणून ही गोष्ट आम्हाला हसण्यावारी नेता येत नाही. तीन महिन्यांच्या सरावात तो आपल्या डोळ्यावर अविश्वास ठेवायला शिकला होता.

ड्रॉपर खोटं बोलत नव्हतं बरं का. तो ठिपका खरंच मातकट होता. पण ठिपक्याचा रंग आणि कापडाचा रंग एकच का?

आमच्या न्यायशास्त्रात यावर मोठा वाद आहे. तर्कसंग्रहात अन्नंभट्ट सात रंग मोजतात. शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश, आणि सातवा 'चित्र'. हा चित्र कशाला? तर रंगीबेरंगी सुतांनी विणलेलं वस्त्र घ्या. वस्त्र हे सुतांहून वेगळं, नवं द्रव्य. ते डोळ्यांना दिसतं, म्हणजे त्याला स्वतःचा रंग हवा. तो अर्धा लाल अर्धा पिवळा असू शकत नाही, कारण रूप आपल्या द्रव्याला पूर्ण व्यापतं असं त्यांचं मत. म्हणून अख्ख्या वस्त्राचा एक 'चित्र' रंग मानला. रघुनाथ शिरोमणींना हे पटलं नाही, ती चर्चा आज नको. सोलापुरात चादरी विणताना पाहिलेल्या माणसाला हा वाद पुस्तकी वाटणार नाही. ड्रॉपर सूत उचलतं, आणि आपण समजतो वस्त्र हाती आलं.

पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. तक्रार आली, काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुतांमुळे काळा तसा दिसत होता. यावर त्यांनी 1839 साली ग्रंथच छापला. रसायनशास्त्रज्ञाला हे कळलं. आम्हाला वाटतं, अ‍ॅप वापरणाऱ्यालाही कळू शकतं.

दुसरी गोष्ट फोटोची. अक्षता सोहळ्याला भर दुपारी हजारो पांढरे कपडे समोर असतात. कॅमेऱ्याचं मापन साधारणपणे समोरचं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं असेल असं धरून चालतं. त्यामुळे पांढरी गर्दी करडी पडते. पांढऱ्यावरच्या सावलीत आकाशाचा निळा उतरतो, तोही आपोआप 'दुरुस्त' होण्याचा संभव. म्हणजे फोटो हे आधीच कुणीतरी केलेलं चित्र आहे, आणि तो चित्रकार यात्रेला आलेलाच नव्हता!

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर घ्या. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं त्यांचं दिवा धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र कित्येक जण राजा रविवर्म्याचं समजतात. मुलगी गीता दिवा घेऊन उभी राहिली, त्यावरून हे झालं. ज्योतीआड धरलेल्या बोटांमधून येणारा तांबूस उजेड पाहा. साधा फोटो काढला असता तर बहुतेक ज्योत जळून पांढरी झाली असती, नाहीतर साडी काळोखात बुडाली असती. हळदणकरांनी दोन्ही राखलं, कारण कशाला किती उजेड द्यायचा हे त्यांनी ठरवलं. कागद तर स्वतः उजळत नाही. नैयायिक तेजाचा शुक्ल 'भास्वर' म्हणतात, पाण्याचा 'अभास्वर'. पडदा भास्वर आहे, उजेड फुकट मिळतो, म्हणून त्यावर काम करणारा आळशी होतो, असा आमचा थोडा कडक आरोप आहे. पण डेव्हिड हॉकनींनी 2011 साली वोल्डगेटचा वसंत आयपॅडवरच, त्या रस्त्याशी जाऊन रंगवला. तेव्हा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

नातवाला आम्ही फोटो टाकून दे असं सांगितलं नाही. यात्रा वर्षातून एकदा. पुन्हा कुठून आणणार? एवढंच म्हटलं, आधी डोळ्याने रंग लाव, मग ड्रॉपरने तपास, आणि फरक पडला तर कोण चुकलं हे लगेच ठरवू नकोस. परवा संध्याकाळी तो तलावाच्या काठी बसून आला. पाण्याचा रंग लिहून आणलाय, वहीत, शब्दांत. "आजोबा, कडेला हिरवट, मध्ये राखाडी, आणि दिव्याखाली कुठलाच नाही."

त्या 'कुठलाच नाही'वर आमचं दोघांचं अजून भांडण चालू आहे.