ख्रिस्तपुराण

ख्रिस्तपुराण : बायबलच्या जुन्या व नव्या करारांतील कथांवर आधारलेले मराठी ओवीबद्ध महाकाव्य. त्याचा कर्ता इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९). ते प्रथम गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये मुद्रित झाले. यूरोपीय प्रबोधनाच्या संस्कारात वाढलेल्या लेखकाने मराठीत रचलेली ही सर्वांत महत्त्वाची वाङ्‌मयकृती होय.

स्टीफन्सचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे त्याने जेझुइट संघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून तो त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचला. त्यानंतरचे सु. चाळीस वर्षांचे आयुष्य त्याने मुख्यत्वे साष्टी भागात व्यतीत केले. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्याने १५८३ मध्ये भावास लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. विल्यम जोन्सने हाच विचार १७८६ मध्ये मांडला. त्यापूर्वी दोन शतके केलेले हे निरीक्षण स्टीफन्सच्या भाषादृष्टीची साक्ष देते. त्याची कोकणीतील प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती शिकवण १६२२ मध्ये व कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही मरणोत्तर प्रसिद्ध झाली.

प्रबोधनकाळात यूरोपीय काव्यात दोन प्रवृत्ती बळावल्या होत्या. धर्मकथेला अभिजात महाकाव्याचे रूप देणे, ही पहिली. इटालियन कवी मार्को जिरोलामो व्हीदा याने व्हर्जिलच्या आदर्शावर लॅटिनमध्ये रचलेले ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य (१५३५) हे तिचे ठळक उदाहरण. देशभाषेला महाकाव्याच्या योग्यतेस नेणे, ही दुसरी. पोर्तुगीज कवी कामाँइश याचे ऊश लुझीआदश (१५७२) तिची ग्वाही देते. स्टीफन्सच्या कृतीत या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आल्या आहेत. परंतु त्याने व्हर्जिलचा साचा मराठीवर लादला नाही. प्रबोधनकालीन कवी काव्यरूपासाठी ग्रीस व रोम येथील प्राचीनांकडे वळत. स्टीफन्स आपल्या श्रोत्यांच्या पूर्वसूरींकडे वळला आणि त्याने पुराण हा प्रकार व ओवी हा छंद स्वीकारला. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये, स्टीफन्स गोव्यास येण्यापूर्वी अवघी सहा वर्षे, पूर्ण झाले होते. त्याच जिवंत परंपरेचे साधन परदेशी कवीने हाती घेतले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू (अध्याय) असून एकूण ओव्या सु. ११,००० आहेत. पहिल्या पुराणात विश्वनिर्मिती, आदिमानवाचे पतन व जलप्रलय यांपासून ख्रिस्तपूर्व प्रेषितांपर्यंतच्या कथा येतात. दुसरे पुराण येशूच्या चरित्राला वाहिलेले आहे. वक्ता व श्रोते यांचा संवाद, शंका व तिचे निरसन ही पुराणांची मांडणी येथे कायम आहे. ग्रंथ मराठीत लिहिला असला, तरी सामान्यजनांना सुलभ व्हावा म्हणून ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे कोकणीतील, शब्द त्यात मिसळले आहेत, असे कवीनेच प्रास्ताविकात म्हटले आहे.

स्टीफन्सने पहिल्याच अवस्वरूत मराठीची स्तुती केली आहे. रत्ने, फुले, सुगंधी द्रव्ये, पक्षी व वृक्ष यांतील श्रेष्ठ वस्तूंच्या उपमा देऊन भाषांमध्ये मराठीचे स्थान सांगणाऱ्या या ओव्या सर्वपरिचित आहेत. त्यांच्या लौकिकामुळे उर्वरित काव्य मात्र दुर्लक्षित राहिले. कवीचे खरे सामर्थ्य कथनात आहे. क्रूसाजवळील मातेच्या शोकासारख्या प्रसंगी ओवीची संथ, घरगुती लय परक्या देशातील कथेला श्रोत्यांच्या अंगणात आणते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजताना कवी त्या शब्दाभोवतीचा शतकांचा भक्तिभावही उसना घेतो. याउलट, जेथे तो मूर्तिपूजेचे खंडन वा धर्मतत्त्वांचे प्रतिपादन करू लागतो, तेथे उपदेशक कवीवर मात करतो व ओवी केवळ पद्यरूप उरते.

या काव्याचा विचार त्याच्या परिस्थितीपासून तोडून करता येत नाही. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) सुरू झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाव्हीव्हा याच्यासह पाच जेझुइट मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केले. मृत धर्मोपदेशकांचे देह मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होता. ग्रंथारंभी साष्टीतील एक ब्राह्मण गुरूला विचारतो, की पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देऊ नये? हा प्रश्न काव्याच्या प्रयोजनाचे स्पष्टीकरण असला, तरी त्यातून हिरावून घेतलेल्या वस्तूची उणीवही ऐकू येते. ज्या सत्तेने जुने ग्रंथ वर्ज्य केले, तिच्याच आश्रयाने हे पुराण जन्मले. आणि श्रोत्यांच्या भाषेवर इतके प्रेम त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही यूरोपीय काव्यात क्वचितच आढळेल. या दोहोंपैकी एक बाजू झाकून केलेले मूल्यमापन अपुरे ठरते.

ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. देशी लिपीत मुद्रण व्हावे, अशी स्टीफन्सची इच्छा होती. परंतु त्या लिपीला लागणाऱ्या साच्यांची मोठी संख्या ही अडचण त्याने १६०८ च्या पत्रात सांगितली आहे. पुढे १६४९ व १६५४ मध्ये आवृत्त्या निघाल्या. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. १६८४ मध्ये देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारण्याचा आदेश निघाला. तरीही ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली व चर्चमधील गायनातून काव्य टिकले. जोझेफ सालदाना यांनी हस्तलिखितांच्या आधारे रोमन लिपीतील आवृत्ती मंगळूर येथे १९०७ मध्ये काढली. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांऐवजी संस्कृत शब्द आढळतात. त्यामुळे मूळ पाठ कोणता, याविषयी मतभेद आहेत. शांताराम बंडेलू (१९५६), कारिदाद द्रागो (१९९६) व नेल्सन फाल्काव (२००९) यांच्या आवृत्त्यांमुळे ग्रंथ मराठी वाचकांस सुलभ झाला.

मराठी वाङ्‌मयेतिहासात या ग्रंथाचा उल्लेख बहुधा परकीयाचे नवल म्हणून होतो. तो उचित नव्हे. एकनाथ व मुक्तेश्वर यांच्या काळातील आख्यानपर ओवीच्या मालिकेतच त्याचे स्थान आहे, व त्याच कसोटीवर त्याचे गुणदोष पारखले पाहिजेत.