नाव एक, कोळी अनेक

खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत कीटकनाशके बनतात आणि तिथून दापोली-गुहागरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या फार लांब नाहीत. औषध किती पाण्यात मिसळायचे, हे बाटलीवर छापलेले असते. ते कोणत्या किडीवर चालेल, हे मात्र किडीला दिलेल्या नावावर ठरते. झाडांचा रस शोषणाऱ्या कोळ्यांच्या बाबतीत ही नावेच गेल्या पंचवीसेक वर्षांत डळमळली आहेत.

हे कोळी म्हणजे घरात जाळी लावणाऱ्या कोळ्यांचे दूरचे नातेवाईक. त्यांतील इरिओफाईड गटाचे जीव जेमतेम पाव मिलिमीटर लांब, अळीसारखे आणि चारच पायांचे. एवढ्याशा शरीरावर जाती वेगळ्या करायला खुणा त्या किती सापडणार? त्यामुळे दिसायला सारखे पण प्रत्यक्षात वेगळे असे अनेक वंश एकाच नावाखाली नांदत राहिले.

गव्हावरील एसेरिया टोसिचेला हे याचे ठळक उदाहरण. पोलंडमधील पोझनान विद्यापीठातील अॅना स्कोरात्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तेव्हा या एका नावामागे अनेक वंश निघाले. काही वंश नाना गवतांवर पोसतात, तर काहींना एखाद-दुसरेच गवत चालते. ऑस्ट्रेलियात असे दोन वंश आढळले. प्रयोगात त्यांपैकी एकानेच गव्हाच्या स्ट्रीक मोझॅक रोगाचा विषाणू पसरवला. म्हणजे वंश ओळखला नाही, तर रोगाचा अंदाजही चुकतो.

ब्रेव्हिपाल्पस फिनिसिस या चपट्या कोळ्याची गुंतागुंत आणखी वेगळी आहे. या गटात बहुतेक माद्याच असतात आणि त्या नराविना प्रजनन करतात. वीण जुळते की नाही, ही जात ठरवण्याची जुनी कसोटी इथे लावायची कशी? अखेर 2015मध्ये बारकाईच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतून या एका नावाच्या जागी आठ जाती मांडल्या गेल्या.

पण प्रत्येक फरकामागे लपलेली जातच असते, असे नाही.

तुरीवरील वांझ रोगाची भारतात 1931मध्ये बिहारातील पुसा येथे नोंद झाली. तो एसेरिया कजानी हा कोळी पसरवतो आणि हा कोळी तूर व तिच्या काही रानटी भाऊबंदांपलीकडे सहसा जात नाही. एका ठिकाणी रोगाला दाद न देणारे वाण दुसरीकडे बळी पडत. तेव्हा कोळ्याचेच निरनिराळे प्रकार असावेत, असा संशय घेणे साहजिक होते. भारत, नेपाळ आणि म्यानमारमधील नमुने तपासल्यावर कोळी मात्र सगळीकडे एकच निघाला. फरक रोग घडवणाऱ्या विषाणूच्या प्रकारांत होता.

नारळाच्या कोळ्याची कथा कोकणाच्या जास्त जवळची. मेक्सिकोतील गेरेरो प्रांतातून 1965मध्ये वर्णिलेला एसेरिया गेरेरोनिस भारतात 1998मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला आणि पुढे पश्चिम किनाऱ्याने वर सरकला. कोवळ्या फळाच्या टोपीखाली तो दडतो. तिथून पांढरट त्रिकोणी चट्टा उमटतो, मग तो तपकिरी होऊन तडकतो आणि नारळ खुरटतो. ब्राझीलच्या डेनिस नाविया यांच्या गटाने 2005मध्ये दाखवले, की अमेरिकेतील नमुन्यांत विविधता आहे, तर आशिया-आफ्रिकेतील नमुने जवळजवळ एकसारखे आहेत. याचा अर्थ कीड अमेरिकेतून अलीकडेच इकडे आली. नारळ तर मूळचा जुन्या जगातला. तेव्हा तिचा पहिला यजमान दुसराच एखादा ताडवर्गीय वृक्ष असावा. भारतात ती ताडफळावरही नोंदली गेली आहे.

या क्षेत्राची आजची कमजोरी घाईत आहे. मायटोकाँड्रियाच्या एकाच जनुकातील फरकाची टक्केवारी पाहून नवी जात जाहीर करणे सोपे झाले आहे. कोळी एका झाडावरून दुसऱ्यावर सोडून तो तिथे पिढी वाढवतो का, हे पाहायला वेळ आणि चिकाटी लागते. म्हणून ते प्रयोग मागे पडतात. शरीररचना, डीएनए आणि यजमान-बदलाचे प्रयोग या तिन्ही साक्षी जुळल्या, तरच निकाल टिकतो. कोकणातील कृषी अभ्यासकांनी आणि बागायतदारांनी निदान एवढे करावे: नमुना स्पिरिटमध्ये ठेवताना झाड, वाण, गाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहावी. यजमानाची नोंद नसलेला कोळी पुढच्या अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.