काळा बिंदू आणि आपली दृष्टी

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर सय्यद हैदर रझा यांच्या एका 'बिंदू' चित्राची छापील प्रत लावली, तेव्हा मिस्सानंतर डोकावलेल्या बहुतेकांनी एकच प्रश्न केला : "फादर, हे चित्र कशाचे?" प्रश्न रास्त आहे; परंतु त्याआधी 'येथे काय दिसते?' असे स्वतःस विचारावयास हवे.

दिसते ते असे : चौकोनात एक मोठे काळे वर्तुळ, त्याभोवती उजळत जाणारी करडी वलये आणि खाली लाल, पिवळे, निळे पट्टे. आडव्या रेषा स्थैर्य देतात, तिरप्या रेषा गती. वर्तुळ पसरू पाहते, चौकोन त्याला आवरतो. या ताणातच चित्राचा प्राण आहे.

रझांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यात झाला. कलाशिक्षणाचा आरंभ आपल्या शेजारच्या नागपुरात. बालपणी मन चंचल म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितले, ही आठवण ते सांगत. १९५० साली ते फ्रान्सला गेले, दीर्घकाळ निसर्गचित्रे रंगवली आणि पुढे त्या ठिपक्यापाशी परतले.

काळा म्हणजे पाप वा मृत्यू, असे आपण चटकन म्हणतो. रझांच्या लेखी तो सर्व रंगांना जन्म देणारा रंग, बीज. उलटपक्षी, या वर्तुळात ख्रिस्तप्रसाद पाहण्याचा मोहही आवरला पाहिजे. मुस्लिम घरात जन्मलेल्या या कलावंताने भारतीय दर्शनातून घेतलेले प्रतीक आपल्या चौकटीत कोंबणे हा आदर नव्हे. तथापि रंगांची भाषा आपणास परकी नाही. प्रायश्चित्तकाळातील जांभळे वस्त्र किंवा पेंटेकॉस्टचे लाल वस्त्र कोणत्याही आकृतीविना बोलते.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. उत्तरकाळात बिंदूची पुनरावृत्ती झाली; अर्थ आधीच ठाऊक असला की डोळा पाहणे थांबवतो. नागपुरातच जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी असे प्रतीक हाती दिलेच नाही. रोलर व सुरीने चढवलेले आणि खरवडलेले रंगाचे थर, एवढेच. त्यांच्या चित्रापुढे नजर अधिक काळ रेंगाळते, असे आमचे मत आहे.

सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीसमोर आपण घटकाभर निमूट बसतो. ती भिंत कशाची खूण आहे, असे कोणी विचारीत नाही. तेवढाच वेळ या चित्रास द्यावा, एवढीच वाचकांस विनंती.