ठोका आपला, कुलूप दुसऱ्याचे

घरगुती ध्वनिमुद्रणाविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा यंत्रे स्वस्त झाल्याच्या आनंदाने. त्या आनंदात एक प्रश्न राहून जातो : घरी केलेले मुद्रण पुढे किती काळ आपल्या हाती राहते? ड्रम ट्रिगरच्या उदाहरणावरून तो नीट उलगडतो.

ट्रिगर म्हणजे मुळात ड्रमच्या पडद्याला चिकटवलेली पिझो चकती. काठी पडली की चकती थरथरते आणि क्षणभर विजेचा दाब निर्माण होतो. मॉड्यूल तो मोजून मिडीच्या भाषेत सांगतो : कोणता ड्रम, केव्हा आणि 1 ते 127 पैकी किती जोराने. शेजारच्या ड्रमच्या हादऱ्याने खोटा ठोका लागू नये, एकाचे दोन होऊ नयेत, म्हणून मर्यादा हाताने जुळवाव्या लागतात. इथवरची व्यवस्था खुली आहे. 1983 साली आलेले मिडी हे मानक प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन स्वीकारले. म्हणूनच अलेसिसचा 1991 चा डी4 आजच्या संगणकाशीही बोलू शकतो.

मात्र मिडीत आवाज नसतो, फक्त सूचना असतात. आवाज दुसऱ्या कोणी तरी वाजवून साठवलेला असतो. डी4 मध्ये तो पेटीतल्या चिपवर होता. पेटी चालू, तर आवाज हजर. आज तो प्लगइनमध्ये असतो आणि प्लगइन परवान्यामागे. परवाना कधी आयलॉकसारख्या यूएसबी किल्लीत, तर कधी कंपनीच्या सर्व्हरवर.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. एकेक ड्रम अनेक मायक्रोफोनांनी, हलक्या-जोरकस ठोक्यांसह मुद्रित करायला कष्ट लागतात आणि नक्कल क्षणात होते. माझा आक्षेप वेगळा आहे. हे कुलूप नकलेबरोबर काळावरही पहारा देते. किल्ली बिघडली किंवा सर्व्हर बंद झाला, तर पैसे मोजणाऱ्याचेच जुने काम मुके होते. मिडी फाइल उरते, पण ती नोटेशनच्या वहीसारखी. त्या दिवशीचा नाद तिच्यात नसतो.

कायद्याने ही अडचण ओळखली होती. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्याने कुलूप तोडणे निषिद्ध केले. पण बिघडलेल्या आणि कालबाह्य डोंगलांसाठी 2003 साली सवलत दिली गेली. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेले कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. इथे हेतूला महत्त्व आहे, ही जमेची बाजू. पण कायद्याची मुभा असली, तरी कुलूप उघडण्याचे कसब घरी बसलेल्या वादकाकडे कुठून येणार?

स्टाइनबर्गने 2022 मध्ये क्यूबेस 12 पासून डोंगल काढून टाकला. म्हणजे तो अपरिहार्य नव्हता. मात्र त्याची जागा ऑनलाइन परवान्याने घेतली. पहारेकरी बदलला, पहारा राहिला.

तेव्हा वादकाने प्रत्येक ड्रमचा आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवावा, हे पथ्य झाले. पण सगळे ओझे त्याच्यावरच का? उत्पादन बंद करताना शेवटची, कुलूप नसलेली आवृत्ती ग्राहकाला देणे, ही विक्रीच्या करारातलीच अट असायला हवी. वाद्य विकत घेणाऱ्याची इतकी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.